दुतोंड्या मारुती आणि रक्तातले आकडे

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये एकच प्रश्न विचारला जातो: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? गोदाघाटावरची ही मूर्ती पुराची मोजपट्टी आहे, पण पूर ती आणत नाही. पूर येतो तो त्र्यंबकच्या डोंगरांतल्या पावसाने आणि धरणाच्या दरवाजांतून. रक्ततपासणीचा कागद वाचताना एवढा फरक लक्षात ठेवला तरी बराच गोंधळ मिटतो. त्यावरचे काही आकडे मारुतीसारखे नुसती पातळी दाखवतात, तर काही खुद्द दरवाजे असतात.

आपण जे खातो ते आतड्यात आणि यकृतात मोडतं, पुन्हा जोडलं जातं आणि त्यातून साखरा, अमिनो आम्लं, मेदाम्लं असे शेकडो छोटे रेणू रक्तात उतरतात. हेच मेटाबोलाइट. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रक्ताच्या अगदी छोट्या नमुन्यात ते ओळखू शकतं, त्यामुळे माणसाला न विचारताही त्याच्या ताटाचा थोडाफार अंदाज बांधता येतो. गव्हाच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल नावाची द्रव्यं असतात, मैद्यात ती जवळपास उरत नाहीत. रक्तात ती सापडली म्हणजे कोंड्यासकट गहू पोटात गेला आहे. द्राक्षं आणि वाइनची खूण म्हणजे लघवीतलं टार्टारिक आम्ल. पण युरोपात उपयोगी पडणारी ही खूण आपल्याकडे फसेल, कारण आमटीतल्या चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं. परदेशातली मोजमापं इथे आणताना आधी आपलं स्वयंपाकघर तपासावं लागतं, ते असं.

टीएमएओ या रेणूची गेली काही वर्षं खूप चर्चा आहे. अंड्यातल्या कोलीनपासून आणि मटणातल्या कार्निटीनपासून आतड्यातले जिवाणू टीएमए नावाचं द्रव्य बनवतात आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 2013 साली 4007 रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त होतं त्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी टीएमएओ असलेल्या गटाच्या सुमारे अडीच पट निघाला. आकडा धडकी भरवणारा आहे, पण मासे खाल्ल्यावरही टीएमएओ वाढतं आणि मासे खाणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसत नाही. मूत्रपिंडं मंदावली तरीही ते रक्तात साठतं. म्हणून या एका आकड्यावरून अंडं ताटातून काढू नये आणि त्याची महागडी तपासणीही करू नये.

होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाचं उदाहरण तर आपल्या अगदी घरातलं आहे. शाकाहारी माणसांत बी-12 कमी असणं आपल्याकडे नेहमीचं, आणि बी-12 कमी की होमोसिस्टीन वाढतं. वाढलेलं होमोसिस्टीन आणि हृदयविकार यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं होतं, म्हणून हजारो रुग्णांना जीवनसत्त्वं देऊन ते कमी केलं गेलं. 2006 साली अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: होमोसिस्टीन उतरलं, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. बी-12 घ्यायचं ते मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. त्याला हृदयाचं औषध समजू नये.

एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मात्र खरोखरच दरवाजा आहे. जन्मतःच ज्यांचं एलडीएल खूप जास्त त्यांना तरुणपणी झटका येतो, जनुकांमुळे ज्यांचं आयुष्यभर कमी राहतं ते बरेचसे सुरक्षित असतात, आणि औषधाने उतरवलं की झटके घटतात. तिन्ही बाजूंनी एकच उत्तर येतं तेव्हा कारण सापडलं असं म्हणता येतं. धमनीच्या अस्तरात शिरतात ते कोलेस्टेरॉल वाहणारे कण, आणि अशा प्रत्येक कणावर एपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून एपोबी मोजणं म्हणजे कणांची शिरगणतीच. ती तपासणी परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वजा करा. जे उरतं ते नॉन-एचडीएल, आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही.

एक नमुना पाहू. एकूण कोलेस्टेरॉल 198, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, एचडीएल 36. घरचे म्हणतील, दोनशेच्या आत आहे, चिंता मिटली. आता हिशेब करा. एलडीएल काढण्याची जुनी रीत म्हणजे एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करणं: 198 वजा 36 वजा 48, म्हणजे 114. हेही फार वाटत नाही. पण नॉन-एचडीएल येतं 162, आणि ते साधारण 130 च्या आत हवं. मधले 48 यकृताने बाहेर पाठवलेल्या, ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांत आहेत, आणि तेही धमनीत शिरतात. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की एलडीएलची ही वजाबाकी चुकते. तेव्हा थेट मोजलेलं एलडीएल मागावं.)

जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी आपल्याकडे फार दिसते, सडपातळ माणसांतही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. त्यामुळे वजनकाटा ठीक आहे म्हणून पोटाच्या घेराकडे दुर्लक्ष करू नका.

हे ट्रायग्लिसराइड येतं कुठून? त्यासाठी रविवारच्या मिसळीचं ताट समोर घेऊ. दोष सगळा तर्रीला दिला जातो. मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो, म्हणून तो लाल तवंग वर तरंगतो आणि नजरेत भरतो. त्यात उष्मांक आहेतच: एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 14 ग्रॅम, 125 कॅलरी. तेल शेंगदाण्याचं की पामचं यानेही फरक पडतो, कारण पामतेलात संपृक्त मेद निम्म्याच्या आसपास असतो आणि तो एलडीएल चढवतो. पण ट्रायग्लिसराइडचा मोठा वाटेकरी शेजारी बसलेला असतो. दोन पाव, वरून मागवलेले आणखी दोन, जिलबी आणि गोड चहा. मैदा आणि साखर झपाट्याने रक्तात उतरतात, स्नायूंना तेवढी गरज नसते, आणि यकृत उरलेल्याची चरबी करून कणांत भरून पाठवतं. मोड आलेली मटकी हा या ताटातला सगळ्यात चांगला भाग, आणि नेमकी तीच वाटीच्या तळाला असते. मटकी जास्त मागा, पाव एकावर थांबवा, तर्री वेगळ्या वाटीत घेऊन चमच्याने घाला, शेव चिमूटभर. जिलबी नको. मिसळ सोडायची काहीच गरज नाही.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडची नागली, म्हणजे नाचणी, हा चांगला पर्याय आहे, पण भाकरीच्या रूपात. नागलीची म्हणून विकली जाणारी बिस्किटं घेताना पाकिटावरचे घटक वाचा. पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचं किंवा साखरेचं निघतं. 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आसपास. द्राक्षांबद्दलही लोक सारखं विचारतात. वाटीभर द्राक्षं चावून खाल्ली तर अडचण नाही. ग्लासभर रसात मात्र 35 ते 40 ग्रॅम साखर असते आणि ती एका दमात पोटात जाते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर जे फळ वर्ज्य सांगतात ते ग्रेपफ्रूट, लिंबूवर्गातलं. आपल्या द्राक्षांशी त्याचा संबंध नाही.

तपासणीत सर्वाधिक घोळ होतो तो उपाशीपोटी या शब्दावरून. श्रावणी सोमवारचा उपवास करून, दूध-केळं किंवा साबुदाण्याची खिचडी खाऊन लॅबमध्ये गेलात तर ते उपाशीपोटी नव्हे. जेवणानंतर तीन-चार तास ट्रायग्लिसराइड चढलेलंच असतं. दहा ते बारा तास पाण्याशिवाय काही नको, चहाचा घोटसुद्धा नाही. आदल्या दोन दिवसांत दारू नको. ताप किंवा मोठा संसर्ग येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, कारण त्यात एलडीएल आणि एचडीएल खोटे उतरलेले दिसतात. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच एक कण आयुष्यात एकदा तपासून घ्या. ते जनुकांवर ठरतं, आहाराने फारसं हलत नाही, आणि दर डेसिलिटरला 50 मिग्रॅच्या वर असेल तर बाकीच्या आकड्यांबाबत डॉक्टर जास्त कडक राहतील.

आहार बदलल्यावर ट्रायग्लिसराइड दोन-तीन आठवड्यांतही हलतं, एलडीएलला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. तेवढ्यात गोळ्या मनाने बंद करू नका. दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये करा, आणि कागदाच्या मागे गेल्या आठवड्यात पाव, साखर आणि तेल किती गेलं ते लिहून ठेवा. डॉक्टरांना तो कागद दोन्ही बाजूंनी दाखवा.