गेज तेच, मग मॉडेल ट्रेनचे जुने-नवे ट्रॅक जुळत का नाहीत?

गेज म्हणजे काय हे मिरजेच्या माणसाला शिकवायला लागत नाही. बार्शी लाईटची 762 मिलीमीटरची नॅरोगेज इथं 1927 पासून होती, 1971 च्या सुमारास पुण्याकडनं ब्रॉडगेज आली आणि हुबळीकडची मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती, म्हणजे एका जंक्शनात तीन रुंदीचे रूळ बघत एक पिढी मोठी झालीय. त्यामुळं सांगली-मिरजेत कुणाच्या माळ्यावरनं जुन्या मॉडेल ट्रेनचा डबा निघाला आणि नवा ट्रॅक त्याला जोडायला गेलं की जमत नाही, तेव्हा सगळ्यांचा पहिला संशय गेजवर. पण मॉडेल ट्रेनची ओओ आणि एचओ अशी दोन नेहमीची मापं, त्यातलं कुठलंही घ्या, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलीमीटर, 1930 च्या दशकापासून तेवढंच आहे. घोळ दुसरीकडं आहे.

थोडं मागं जाऊ. 1891 ला जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीनं लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजची रेल्वे आणली, गाडी घ्या आणि पुढं जमेल तसे रूळ, रूळ बदलायचे सांधे, डबे विकत घेत रहा. धंद्याची आयडिया भारी होती. तेव्हाचे रूळ म्हणजे पत्रा दुमडून केलेली पोकळ नळी, खाली पत्र्याचेच स्लीपर आणि एका टोकाला खिळ्यासारखी पिन, ती पुढच्या तुकड्याच्या नळीत खुपसायची. दहा-वीसदा जोडलं-सोडलं की नळी फाकते आणि मग गाडी नेमकी तिथंच बंद पडते.

वीज आल्यावर खरी अडचण झाली. स्लीपर पत्र्याचे, चाकं धातूची, अॅक्सल पण धातूचा, मग दोन रुळांत प्लस-मायनस सोडलं तर सरळ शॉर्ट. त्यावर तोडगा म्हणून मधोमध तिसरा रूळ टाकला, त्याच्याखाली फायबरचे तुकडे घालून तो तेवढा वेगळा ठेवला, करंट मधनं यायचा आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतनं परत जायचा. दिसायला खोटं दिसतं खरं, पण एक फायदा असा की गाडी गोल फिरवून त्याच लाईनवर उलटी आणली तरी शॉर्ट होत नाही, जे दोन रुळांच्या सिस्टीमला आजपण डोकेदुखी आहे. 1938 ला आलेली ब्रिटनची हॉर्नबी डब्लो अशीच तीन रुळांची.

युद्धानंतर प्लास्टिक स्वस्त झालं आणि चित्रच पालटलं. स्लीपर प्लास्टिकचे म्हटल्यावर दोन रूळ आपोआपच वेगळे राहतात, चाकाला इन्सुलेशन दिलं की मधला रूळ काढून टाकता येतो. ट्राय-अँग या तिथल्याच कंपनीनं 1950 च्या दशकातच दोन रुळांचा माल विकायला सुरुवात केली, डब्लोला तिथं यायला 1959 उजाडलं आणि माझ्या मते तो उशीर त्यांना लय महागात पडला, 1964 ला ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सनीच त्यांना विकत घेतलं. तेव्हा तीन रुळांच्या काळातलं इंजिन आजच्या ट्रॅकवर ठेवायचं असेल तर आधी चाकं बघा, इन्सुलेशन नसेल तर ट्रान्सफॉर्मरचं काय खरं नाही. मार्कलिननं मात्र मधला करंट सोडलाच नाही, फक्त रूळ काढून स्लीपरमध्ये बारीक ठिपके बसवले आणि इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी दिली जी ठिपक्यांवरनं घासत जाते.

आता खुद्द ट्राय-अँगच्या घरातलाच घोळ. 1962 चा सुपर 4 ट्रॅक आणि 1970 च्या आसपास आलेला सिस्टीम 6, दोन्ही दोन रुळांचे, दोन्ही 16.5 चे, तरी शेजारी ठेवले तर सुपर 4 चा रूळ नुसत्या डोळ्यालापण उंच आणि जाड दिसतो. सांध्यावर पायरी पडते. त्यासाठी कंपनीनं एक जोडतुकडा काढला होता, एका बाजूनं सुपर 4 आणि दुसऱ्या बाजूनं सिस्टीम 6, तो मिळाला तर नशीब. शिवाय वळणांचं माप पण वेगळं, त्यामुळं अर्धं वर्तुळ जुनं आणि अर्धं नवं असं केलं की शेवटचा तुकडा कधी जुळत नाही.

रुळाची उंची कोडमध्ये सांगतात, कोड 100 म्हणजे इंचाच्या हजार भागांतले शंभर, 2.54 मिलीमीटर. एचओ 1:87 म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान असल्यानं खऱ्या रुळाच्या मापात तो 221 मिलीमीटर होतो आणि आपल्याकडचा मीटरला 60 किलो वजनाचा रूळ आहे 172 चा. म्हणून हौशी लोक कोड 75 कडं वळले, 1.9 मिलीमीटर, तो दिसायला खऱ्याच्या जवळ जातो. पण जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल, ती या बुटक्या ट्रॅकवर रूळ धरणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्यांना घासत टकटक करत जाते आणि रूळ बदलायच्या सांध्यावर तर उडीच मारते. जुनी गाडी पळवायची असेल तर कोड 100 च बरा.

धातूचंपण तसंच. आधी पत्रा, मग स्टील आणि पितळ, आता जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. पितळ काळं पडलं की करंट अडतो, स्टील आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतं. डब्यातला ट्रॅक कुठला हे कळायला लोहचुंबक लावा, चिकटला तर स्टील. कंपनीचं नाव एकच असलं तरी स्टीलचे आणि जर्मन सिल्व्हरचे तुकडे एकाच डब्यात निघतात, ते वेगळे काढा.

नवा जमाना खडीसकट ट्रॅकचा. जपानच्या कातोनं 1980 च्या दशकात युनिट्रॅक आणला, खाली प्लास्टिकची खडी, टोकाला क्लिप, गालिच्यावर मांडा आणि चालवा. मार्कलिनचा सी ट्रॅक 1996 चा, त्याचं जुन्या पत्र्याच्या ट्रॅकशी नातं जोडायला वेगळा तुकडा मिळतो. पण एका कंपनीची क्लिप दुसरीला बसत नाही, पूर्वी निदान रुळांच्या टोकांवर सरकवायच्या साध्या जॉईनरनं कुठल्याही कंपनीचे कोड 100 चे तुकडे जोडता यायचे.

आणि गेजवरच अडून बसायचं असेल तर एक गंमत. 16.5 गुणिले 87 म्हणजे 1435, युरोपचं स्टँडर्ड गेज. आपली 1676 मिलीमीटरची ब्रॉडगेज त्या हिशोबानं 19 मिलीमीटरच्या वर पाहिजे, म्हणजे भारतीय गाड्यांची एचओ मॉडेलं बहुतेक अरुंद रुळावरच पळतात. उलट बार्शी लाईटची 762 ची लाईन 87 नं भागली की पावणेनऊच्या आसपास येते, त्याला 9 मिलीमीटरचा एन गेजचा तयार ट्रॅक जवळजवळ फिट बसतो. फक्त एनचे स्लीपर फार जवळजवळ असतात, तेवढे कापून लांब लांब करायला लागतात.