दात भरणे आणि बाँडिंग

किडलेल्या, झिजलेल्या किंवा तुटलेल्या दाताचा खराब भाग काढून तिथे टिकाऊ पदार्थ बसवणे म्हणजे दात भरणे. कोल्हापूर भागात जुनी माणसे याला अजून ‘सिमेंट भरणे’ किंवा ‘चांदी भरणे’ म्हणतात. दवाखान्यात ‘फिलिंग’ हा शब्द रुळला आहे. दातावर त्याच्याच रंगाचे रेझिन, म्हणजे घट्ट होणारा प्लॅस्टिकसारखा पदार्थ, चिकटवून तुटका कोपरा, फट किंवा डाग दुरुस्त करणे म्हणजे बाँडिंग. सामग्री बहुधा तीच असते, हेतू वेगळा असतो. दोन्ही कामांचे आयुष्य मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: कडेला एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण कवच, किती उरले आहे आणि चिकटवताना ती कड कोरडी राहिली का.

दात आणि कीड

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून तुटलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. त्याच्या आत पिवळसर डेंटिन असते. ते मऊ, ओलसर आणि सूक्ष्म नळ्यांनी भरलेले असते. मधोमध पल्प म्हणजे दाताची नस.

कीड म्हणजे अळी नव्हे. दातावर साचलेल्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, थरातला सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले खनिज विरघळू लागते. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातली ‘कीड पाडण्याची’ पद्धत पश्चिम महाराष्ट्रात होती. खाली पडलेले दिसते ते बियांतले असते, दातातले नव्हे. ठणका थोडा वेळ कमी वाटला तरी पोकळी आत वाढतच राहते.

साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. हा उसाचा आणि गुळाचा मुलूख. गुऱ्हाळावर बसून दिवसभर काकवी चाखली किंवा गुळाचा खडा तोंडात घोळवला, तर लाळेला आम्ल निवळायला सवडच मिळत नाही. जेवणाबरोबर खाल्लेला गूळ त्या मानाने कमी घातक. नुसता पांढरा, खडूसारखा ठिपका असेल आणि भोक पडले नसेल, तर तो भरायचा नसतो. फ्लोराइडची पेस्ट आणि खाण्याच्या वेळा सांभाळल्या तर तो तिथेच थांबू शकतो.

भरायचे की नस काढायची

थंड लागल्यावर चमक येऊन काही सेकंदांत जात असेल, तर बहुधा भरणे पुरते. कारण नसताना ठणका, रात्रीची झोपमोड किंवा थंड-गरमानंतर मिनिटभराहून जास्त टिकणारी कळ असेल, तर पल्पची सूज परतण्याच्या पलीकडे गेलेली असते. अशा दाढेवर नुसते सिमेंट भरले तर कळ वाढते. तिथे रूट कॅनाल, म्हणजे नस काढून मुळातली नळी साफ करून भरणे, लागते. लहान एक्स-रेवर पोकळी आणि नस यांच्यातले अंतर दिसते, पण एक्स-रे खरी कीड नेहमी थोडी कमीच दाखवतो. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर लवंगेचे तेल चोळू नये आणि डोकेदुखीची गोळी दाबून ठेवू नये. दोन्हींनी हिरडी भाजते.

भरण्याचे पदार्थ

अमल्गम म्हणजे ‘चांदी’. चांदी, कथील आणि तांब्याच्या भुकटीत जवळपास निम्म्या वजनाचा पारा मिसळून ते करतात. ओलाव्यात जमते आणि दाढेचा दाब सोसते. पण ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून पोकळी आतून रुंद कोरावी लागते, म्हणजे चांगला दातही खर्ची पडतो. वीस-पंचवीस वर्षांची मोठी चांदी असलेली दाढ सुपारीवर किंवा मटणाच्या नळीवर उभी चिरते ती याच पातळ झालेल्या भिंतींमुळे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमल्गमचा वापर, अपवाद सोडता, बंद केला. तोंडात असलेली, न गळणारी चांदी केवळ भीतीने काढू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि दातही कमी होतो.

ग्लास आयनोमर हे लोकांचे ‘सिमेंट’. विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी त्याची माहिती १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध केली. भुकटी आणि आम्लद्रव कागदी पॅडवर प्लॅस्टिकच्या चमच्याने ३० ते ४५ सेकंदांत कालवून, लकाकी जाण्यापूर्वी पोकळीत भरायचे. लकाकी गेली की ते दाताला धरत नाही. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडले जाते, थोडे फ्लोराइड सोडते आणि किंचित ओलावा सोसते. म्हणून दुधाच्या दातांत आणि हिरडीलगतच्या पोकळीत ते चांगले. चावण्याच्या जागी मात्र झिजते, चिरते. भरल्यावर वर वार्निश किंवा व्हॅसलीन लावावे आणि २४ तास त्या बाजूने चावू नये.

कॉम्पोझिट म्हणजे रेझिनमध्ये काचेची बारीक पूड. १९५५ मध्ये अमेरिकन दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमल आम्लाने खरवडले तर रेझिन घट्ट धरते हे दाखवले. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे १९६० च्या दशकात राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचे मूळ रेझिन तयार केले. चिकटणारा पदार्थ हाती आल्यावर पोकळी रुंद करण्याची गरज संपली. फक्त कीड काढायची, बाकी दात ठेवायचा.

तात्पुरते भरलेले झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे सिमेंट, म्हणजे लवंगेच्या वासाचे, कॉम्पोझिटच्या खाली थेट राहू देऊ नये. युजेनॉलमुळे रेझिन नीट घट्ट होत नाही.

कॉम्पोझिट भरण्याची रीत

रंग सर्वांत आधी, दात ओला असताना आणि दिवसाच्या उजेडात जुळवायचा. तोंड उघडे ठेवून दहा मिनिटे गेली की दात सुकून पांढुरका दिसतो, आणि तेव्हा निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी खडूसारखा उठून दिसतो. मग गरजेप्रमाणे भूल. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो, तोवर तांबड्या रश्शाला हात लावू नये. गाल चावला जातो आणि कढत काय आहे ते कळत नाही.

रबर डॅम म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा. १८६४ पासून तो वापरात आहे आणि तरी अनेक ठिकाणी वेळ वाचवायला टाळला जातो. हे चुकीचे आहे. खरवडलेल्या एनॅमलवर लाळेचा एक थेंब पडला तरी सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि सगळी खटपट वाया जाते. तसे झाले तर पुसून पुढे जायचे नसते. धुऊन काही सेकंद पुन्हा आम्ल लावायचे.

कडांवरची कीड पूर्ण काढायची, नसेच्या अगदी वरची चामड्यासारखी कीड मात्र थोडी ठेवलेली चालते. कड पक्की बंद झाली की आतल्या जिवाणूंचे खाद्य तुटते. मग ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. भरपूर धुवायचे. एनॅमल दुधी दिसले पाहिजे, डेंटिन मात्र कोरडेठाक न करता ओलसर चमकते ठेवायचे. ते सुकले की त्यातले तंतू आडवे पडतात, बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, आत शिरत नाही आणि पुढे चावताना चमक येते. बाँड सुमारे २० सेकंद चोळायचा, हवेने पातळ करायचा, मग निळा लाईट. लोक याला ‘लेझर फिलिंग’ म्हणतात, पण तो लेझर नसून ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी प्रकाश असतो.

कॉम्पोझिट २ मिलिमीटरच्या थरांनी भरायचे आणि प्रत्येक थराला सुमारे २० सेकंद लाईट द्यायचा, टोक जमेल तितके जवळ धरून. घट्ट होताना ते साधारण २ ते ३ टक्के आकसते. एकदम मोठा गोळा भरला तर ते कडेपासून ओढले जाते आणि बारीक फट उरते. दोन दाढांमधल्या पोकळीत धातूची पट्टी आणि लाकडी पाचर लागते. पाचर नीट बसली नाही तर दोन दातांमध्ये फट राहते, आणि मग प्रत्येक मटणाच्या जेवणानंतर तिथे धागा अडकतो. शेवटी रंगीत कागदावर चावा तपासायचा. भूल उतरल्यावर दात ‘आधी टेकतो’ असे वाटले तर सवय होईल म्हणून थांबू नये, दोन दिवसांत जाऊन घासून घ्यावे. उंच राहिलेल्या फिलिंगने दात ठणकू लागतो.

मिश्रीने झिजलेली मान

हिरडीलगत दाताची मान खाचेसारखी झिजणे इथे वारंवार दिसते. भाजलेल्या तंबाखूची मिश्री वर्षानुवर्षे बोटाने घासणे, कडक ब्रशने आडवे घासणे, दात खाणे, अशी कारणे एकत्र येतात. ही जागा चिकटवायला सर्वांत अवघड. खालच्या कडेला एनॅमल जवळपास नसतेच, डेंटिन चकचकीत आणि घट्ट झालेले असते, हिरडीतून ओलावा झिरपतो. म्हणून इथले फिलिंग ‘सारखे पडते’. वरचा थर बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) हलका खरवडून, हिरडीत दोरा बसवून, ग्लास आयनोमर किंवा त्यावर कॉम्पोझिट असा जोड घेतला तर अधिक टिकते. मिश्री सुटली नाही तर कोणताही पदार्थ टिकत नाही. तंबाखूचा धोका अर्थात दातापुरता नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर फिलिंग बाजूला ठेवून आधी ती तपासावी.

पुढच्या दातांचे बाँडिंग

तालमीतल्या कुस्तीत, शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या फुटबॉलमध्ये किंवा मोटारसायकलवरून पडून वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटतो. इथे चारही बाजूंना एनॅमल असल्याने बाँडिंग छान धरते. तुटलेला तुकडा सापडला तर पाण्यात किंवा दुधात घेऊन यावा. तोच तुकडा चिकटवता येतो, आणि त्याच्या रंगाची बरोबरी कोणत्याही रेझिनला येत नाही. तुकडा कोरडा आणला तर पांढरा पडतो आणि कमी धरतो. तुटलेल्या जागी गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसले तर नस उघडी पडली आहे, तेव्हा त्याच दिवशी जावे. तरुण दातात वरचा एक-दोन मिलिमीटर पल्प काढून उरलेला जिवंत ठेवता येतो.

तुकडा नसेल तर मागच्या बाजूचा सिलिकॉनचा साचा करून आधी पातळ एनॅमल रंगाचा थर, मग डेंटिन रंग, टोकाला थोडा पारदर्शक असे थर चढवतात. तुटीची कड १ ते २ मिलिमीटर तिरकी घासली की जोड डोळ्याला दिसत नाही. अर्धी मेहनत पॉलिशची. खरखरीत चकतीपासून अतिबारीक चकतीपर्यंत क्रम पाळला नाही तर चहा, हळद आणि तंबाखूचे डाग महिन्या-दोन महिन्यांत बसतात. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करावे आणि बाँडिंग दोन आठवड्यांनी. ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमी करतो.

बाँडिंग साधारण पाच-सात वर्षे चांगले दिसते. पोर्सिलेनचे व्हिनिअर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचे पातळ आवरण, जास्त टिकते आणि डाग धरत नाही, पण त्यासाठी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एनॅमल घासावे लागते, आणि ते परत येत नाही. किरकोळ फटीसाठी किंवा वाकड्या दातासाठी निरोगी दातांवर कॅप घालणे टाळावे. फट मोठी असेल तर तारेने दात सरकवून उरलेली जागा बाँडिंगने भरणे बरे.

बाँडिंग केलेल्या दातांनी ऊस सोलू नये. सोलताना दात पुढे उपटला जातो आणि रेझिन नेमके त्याच दिशेला सुटते. ऊस खायचाच तर कोयत्याने सोललेले करवे दाढेने चावावेत. मैदानात उतरणाऱ्याने दाताच्या मापाचे माऊथगार्ड घालावे.

दुरुस्ती

फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसली म्हणजे आत कीड आहेच असे नाही. नुसता डाग असेल तर पॉलिश पुरते. कड मऊ लागत असेल तर तेवढाच भाग काढून नवीन कॉम्पोझिट जोडता येते. जुना पृष्ठभाग खडबडीत करून बाँड लावला की ते धरते. पूर्ण फिलिंग दर वेळी उकरले तर पोकळी दर वेळी मोठी होते, फिलिंगची कॅप होते, कॅपचे रूट कॅनाल होते. गुंतागुंतीच्या कामासाठी एमडीएस (दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झालेले कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट, म्हणजे दात भरणे आणि रूट कॅनालचे तज्ज्ञ, कोल्हापूर शहरात आहेत. वारणा भागातल्या नवे पारगावच्या आणि शेजारच्या सांगलीच्या दंत महाविद्यालयांतही ही कामे होतात; विद्यार्थ्यांच्या हातून होताना वेळ जास्त लागतो, पण रबर डॅमची शिस्त तिथे बहुधा पाळली जाते.