रक्षणाचा कायदा आणि आचारधर्माचा कायदा

"सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये" आणि "सरकारने माझ्या ताटात डोकावू नये" ही दोन वाक्यं कानाला सारखीच लागतात. दोन्हींत सरकारला उंबऱ्याबाहेर उभं केलेलं आहे. जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी एका बाजूने जी तक्रार केली, तीच गोवंश हत्याबंदीच्या वेळी दुसऱ्या बाजूने केली. मग वाद हमखास इथे येऊन अडतो: तुमच्या सुधारणेचा कायदा चालतो, तर आमच्या श्रद्धेचा का चालू नये? नीती दोघंही लादतात ना?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळाटाळ न करता उत्तर द्यायला हवं. दोन्ही प्रकारचे कायदे नीतीतूनच जन्मतात, हे मान्यच करू. चोरी गुन्हा आहे तीही नीतीमुळेच. पण एक कायदा एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या हातून होणाऱ्या इजेपासून वाचवतो. दुसरा कायदा माणसाला पापापासून वाचवू पाहतो, आणि पाप कशाला म्हणायचं हे भलत्यानेच ठरवलेलं असतं. पहिल्याला मी रक्षणाचा कायदा म्हणेन, दुसऱ्याला आचारधर्माचा.

पहिल्याचं ठळक उदाहरण १८९१ चं संमतिवयाचं बिल. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाहावर टिपणं प्रसिद्ध केली तेव्हापासून वाद धुमसत होता. मग बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली. त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लावता आला नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय दहा होतं आणि ते तिने ओलांडलं होतं. त्याला झाली एका वर्षाची कैद. मार्च १८९१ मध्ये हे वय दहावरून बारा झालं. फक्त बारा! आणि तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं.

टिळकांना बालविवाह प्रिय होते म्हणून ते विरोधात गेले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लग्नाची वयं वाढावीत, पण ती समाजाने आपणहून वाढवावीत, परक्या सरकारच्या दंडुक्याने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. परकी सत्ता एकदा घरात शिरली की कुठे थांबेल, ही भीतीही खोटी नव्हती. तरी या प्रकरणात मला बिलाला पाठिंबा देणाऱ्या आगरकरांचीच बाजू बरोबर वाटते. समाज सुधारेपर्यंत थांबायचं ठरलं तर त्या थांबण्याची किंमत कोण मोजणार होतं? दहा वर्षांची मुलगी. तिला ना मत होतं, ना नकार देण्याची मुभा. "आमचं घर, आमचा संस्कार" म्हणणाऱ्यांच्या त्या 'आम्ही'मध्ये ती कुठेच नव्हती. तिच्या वतीने कोणीतरी दार वाजवणं भागच होतं.

त्याच काळातलं रखमाबाईंचं प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर चित्र पालटलं आणि १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्य रुग्णसेवेत घालवलं. इथे कायदा कोणाचं रक्षण करत होता? कोणाचंच नाही. एका बाईला लग्नाच्या बंधनात, तिच्या मर्जीविरुद्ध, तो ढकलत होता. धर्मरक्षण म्हणून इथल्या वर्तमानपत्रांनी ज्या हुकुमाची पाठराखण केली, त्यामागचा, जोडीदाराला नांदायला लावण्याच्या दाव्याचा प्रकार मुळात इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांतून आलेला होता. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुद्धा इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ते काढलं, तेव्हा 'आपली संस्कृती बुडाली' म्हणून हळहळणारे कमी नव्हते. आचारधर्माच्या कायद्याचं हे एक लक्षण आहे. तो जुना झाला की कोणाच्या धर्मातून आला होता हेही लोक विसरतात.

आता गोवंशाचा प्रश्न, कारण महाराष्ट्रात हा घोळ सगळ्यांत जास्त तिथेच होतो. गाईची कत्तल आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. १९९५ ची दुरुस्ती बैल आणि वळूंपर्यंत गेली, आणि राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती २०१५ मध्ये लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय जिथे कत्तल कायदेशीर आहे अशा परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा झाला.

बाजू मांडताना सांगितलं जातं ते शेतीचं कारण. गाई-वासरांची कत्तल रोखायला सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ४८ सुद्धा शेती आणि पशुसंवर्धनाच्या शास्त्रीय पद्धतीपासूनच सुरू होतो. पण २४ नोव्हेंबर १९४८ ची संविधान सभेतली चर्चा वाचावी. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला आणि संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी या दोन मुस्लिम सदस्यांचं म्हणणं साधारण असं होतं: हे धर्मासाठी करायचं असेल तर तसं उघड सांगा, आम्ही आड येणार नाही, अर्थशास्त्राचा पडदा मात्र लावू नका. या संपूर्ण वादात इतकी स्वच्छ मागणी मला दुसरी दिसलेली नाही. कारण धार्मिक आहे असं उघड म्हटलं की पुढचा प्रश्न अटळ होतो: मग ज्याचा तो धर्म नाही त्याला तुरुंग कशासाठी? आणि कारण आर्थिक आहे असं म्हटलं की अर्थशास्त्राला उत्तर द्यावं लागतं. थकलेला बैल विकून त्या पैशात नव्याची भर घालणं हे शेतकऱ्याचं जुनं गणित. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ओळखलं होतं: गाय-वासरांवरची सरसकट बंदी त्याने मान्य केली, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलांवरची नाही. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली. शेणामुतामुळे म्हातारा बैलही उपयोगीच, असा त्यातला एक मुख्य आधार होता. हे मला पटत नाही. चाऱ्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो, न्यायालयाच्या नाही.

"पण बैलाच्या जिवाचं काय, ते रक्षण नाही का?" असं कोणी विचारलं तर तो मुद्दा मी गंभीरपणे घेतो. प्राण्यांची वेदना खरी असते. पण वेदना हे कारण असेल तर रेडा, बकरा, कोंबडी यांनाही तीच होते. एकाच वंशाला कवच मिळतं, तेव्हा कारण वेदनेचं नसून पावित्र्याचं असतं.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातलं मांस बाळगण्याचं कलम रद्द केलं. माणूस स्वतःच्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी जगण्याचा भाग आहे, असं म्हणत. आरोपीनेच आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं, हे कलमही गेलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यानंतर, ऑगस्ट २०१७ मध्ये आला.

गांधीजींनी २५ जुलै १९४७ च्या प्रार्थनासभेत हेच सांगितलं होतं. गोसेवेचं व्रत आपण फार पूर्वी घेतलं आहे, पण आपला धर्म बाकीच्या भारतीयांचा कसा होईल, हा त्यांचा सवाल होता. कायद्याने बंदी म्हणजे हिंदू नसलेल्यांवर सक्ती, असं ते म्हणाले. गाईवर इतकी श्रद्धा असलेला माणूस हे बोलतो तेव्हा त्याला धर्मद्रोही म्हणायची सोय उरत नाही.

याउलट २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पाहा. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, मग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, अशी हाकाटी वर्षानुवर्षं चालली होती. प्रत्यक्ष कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट वगळलं आहे. गुन्हा कशाला म्हटलं? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराचा दावा करून फसवणं, नरबळी देणं अशांना. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मार खाल्लेला, लुबाडला गेलेला माणूस बोट ठेवून दाखवता येतो. श्रद्धा ठेवणाऱ्याची श्रद्धा तशीच राहते.

सगळीच प्रकरणं अशी सरळ वेगळी होत नाहीत. दारूबंदीत दोन्ही धागे गुंतलेले आहेत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, हा पिणाऱ्याच्या नीतीची काळजी करणारा कायदा. पण गावोगावच्या बायकांनी 'आडवी बाटली'ला, म्हणजे दारूदुकान बंद करण्याच्या बाजूने, मत देऊन दुकानं बंद पाडली, त्यांना पापपुण्याची चिंता नव्हती. मार आणि रिकामे डबे त्यांनी सोसले होते. माझ्या मते त्यांचं मतदान रक्षणाच्या बाजूला जातं आणि परवाना आचारधर्माच्या.

उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यालाही असंच उलगडून पाहावं लागेल. तो जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याने नोंदणी केलीच पाहिजे, न करता महिन्याहून जास्त राहिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. समर्थनात पुढे केलं जातं ते टाकून दिलेल्या बाईचं संरक्षण, आणि तिला पोटगी मागता येण्याची तरतूद त्यात खरोखरच आहे. ती चांगली आहे. पण पोटगी मिळायला त्या दोघांनी आधी सरकारदरबारी नाव लावलेलं असण्याची गरज नसते. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा अशा बाईला नोंदणीशिवायच दाद देतो. पोटगीचं कलम राहू द्यावं आणि नोंदणी न केल्याबद्दलची कैद काढावी. त्याने एकाही बाईचं संरक्षण कमी होणार नाही.