टॅक्सॉलला रंग जोडला, त्याआधीची गोष्ट

पेशीत शिरलेलं औषध नेमकं कुठे जाऊन बसतं, हे डोळ्यांनी पाहायचं तर त्यानं स्वतः चमकायला हवं. काही औषधं उपजतच चमकतात. क्विनीनच्या द्रावणावर उन्हात निळी झाक दिसते, हे जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवलं. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचा उलगडा केला: डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून क्विनीन निळा प्रकाश बाहेर टाकतं. हीच प्रतिदीप्ती. कॅन्सरवरच्या काही औषधांचं मूळ असलेलं कँप्टोथेसिनही असंच निळं चमकतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते असतं, आणि त्यापायीच या झाडाची बेसुमार तोड झाली.

टॅक्सॉल हेही कॅन्सरवरचं औषध, पण त्याला असा उपजत उजेड नाही; म्हणून चमकणारा रंग वरून जोडावा लागतो. कँप्टोथेसिन आणि टॅक्सॉल, दोन्ही अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी शोधले. वाणी जन्मानं नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. त्यांचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं होतं. पॅसिफिक यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. टॅक्सॉल पेशीतल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्या, घट्ट धरून ठेवतं, सुटू देत नाही, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं.

रंग तर जुनाच होता. अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग १८७१ मध्ये बनवला. १९४० च्या दशकात हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी तो प्रतिपिंडांना, म्हणजे रोगजंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांना, जोडला. पण प्रतिपिंड अवाढव्य, साधारण दीड लाख डाल्टनचं (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). त्याला ३३२ डाल्टनचा रंग जड जात नाही. टॅक्सॉल अवघं ८५४ चं. भलत्या जागी रंग चिकटवला तर औषधाचा गुणच जातो. त्यामुळे खरी मेहनत झाली ती रेणूतली एकेक जागा बदलून पाहण्यात. तेराव्या कार्बनवरची साखळी मोलाची, तिला धक्का लावायचा नाही. सातव्या कार्बनवर मात्र बदल चालतो, असं त्यातून कळलं. माद्रिदच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तिथेच अॅलानिन या अमिनो आम्लाचा दुवा घालून फ्लुओरेसीन जोडलं आणि त्याला नाव दिलं फ्लुटॅक्स.

याच फ्लुटॅक्सनं एक कोडं पुढे आणलं. टॅक्सॉलची जागा सूक्ष्मनलिकेच्या आतल्या भिंतीवर असल्याचं रचनेवरून दिसत होतं, तरी फ्लुटॅक्स तिला झपाट्यानं चिकटत होतं. लांबलचक नळीच्या टोकातून आत शिरून इतक्या लवकर पोहोचणं शक्य नव्हतं. मग भिंतीतल्या बारीक छिद्रांपाशी औषध आधी टेकतं आणि तिथून आत सरकतं, अशी मांडणी पुढे आली.