सोयाबीन रात्र मोजतं, भांगही

सप्टेंबरच्या अखेरीस इंदूरहून उज्जैनकडे निघालं की दोन्ही बाजूंचं सोयाबीन पिवळं पडलेलं दिसतं. रात्रभर जळणाऱ्या एखाद्या मोठ्या दिव्याखालचा तुकडा मात्र तेव्हाही हिरवागार राहू शकतो. माती तीच, बियाणंही तेच. रात्र पुरेशी लांबली की सोयाबीन फुलोऱ्याकडे वळतं, आणि दिव्याखाली त्याची रात्र होतच नाही.

भांगेचं झाड याच वळणाचं. आपल्याला ते शिवरात्रीच्या थंडाईपुरतं आठवतं. (वाचून कुणी गच्चीत कुंडी भरायला जाऊ नये, विनापरवाना लागवड १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गुन्हा आहे.) पण फुलण्यामागे रात्रीचा हात असतो हे माणसाला ज्या झाडांनी आधी सांगितलं, त्यांत भांग आहे. ज्युलियन तुर्न्वा या फ्रेंच संशोधकानं काचगृहात हिवाळ्यात वाढवलेली भांगेची आणि हॉपची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची) रोपं अगदी लहानपणीच फुलली. दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणं महत्त्वाचं असावं, असा निष्कर्ष त्यानं काढला. १९१४ साली तो महायुद्धात मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दिवसमानाचा परिणाम सिद्ध केला, आणि पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचं राहिलं. मला तरी हा तुर्न्वावर थोडा अन्याय वाटतो.

रोप रात्र मोजतं ते पानांत. तिथे फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू मूळ रूपात परततं. त्याच्या जोडीला रोपाचं स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ चालू असतं. दोन्ही मिळून ‘अंधार पुरेसा झाला’ असं ठरलं की पानात एक प्रथिन तयार होतं, ते शेंड्यापर्यंत पोहोचतं आणि शेंडा पानांऐवजी फुलं काढू लागतो. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी अशा अनेक रोपांचा हिशेब मोडतो. शेवंती उशिरा फुलवण्यासाठी बागायतदार रात्री बल्ब लावतात ते यामुळेच.

आता हे झाड उत्तरेला न्या. इंदुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही साधारण साडेतेरा तासांचा. हेलसिंकीत जूनचा दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो. भांगेच्या बऱ्याच जाती दिवस चौदा तासांच्या आसपास उतरला की फुलोऱ्याकडे वळतात, आणि हेलसिंकीत ती वेळ येते ऑगस्ट संपताना. तोवर झाड नुसतं उंच होत राहतं. त्यापुढे फुलोरा पक्व व्हायला सात-आठ आठवडे, उष्ण प्रदेशातल्या जातींना आणखी जास्त. म्हणजे ऑक्टोबरची अखेर, आणि त्याआधीच दहिवर गोठू लागलेलं असतं. झाड थंडीनं मेलं असं वरवर दिसतं, पण घात मुळात उजेडानं केलेला असतो: उन्हाळ्यात ऊन भरपूर होतं, फक्त फुलण्याची खूण मिळाली नाही.

यावर माणसाआधी निसर्गानंच उपाय काढला होता. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं व्होल्गेच्या मुलखातल्या एका ठेंगण्या रानटी भांगेला ‘रुडेरालिस’ हे नाव दिलं. या गटातली झाडं रात्रीकडे बघतच नाहीत. काही आठवड्यांची झाली की फुलतात, मग बाहेर एकोणीस तासांचा दिवस का असेना. फिनलंडमध्ये तेलबियांसाठी तयार झालेली ‘फिनोला’ ही जात अशीच वयावर फुलणारी, बुटकी आणि लवकर पिकणारी. त्याची किंमत म्हणजे झाडाचा आकार. वाढायला वेळच कमी, म्हणून भांगेच्या खोडातून निघणाऱ्या लांब धाग्यासाठी असली झाडं फारशी कामाची नाहीत.

माळव्यात अडचण उलटी होते. कॅनडासारख्या देशातलं लवकर पिकणारं सोयाबीन इथे पेरलं तर त्याला पहिल्या दिवसापासून रात्र लांबच वाटेल, आणि ते वीतभर असतानाच फुलून मोकळं होईल. म्हणून बियाण्याची जात अक्षांश पाहून निवडावी लागते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेतही जात किती दिवसांत पिकते याला मोठं महत्त्व आहे. आपल्याकडे हिमाची घाई नाही, पण पुढच्या पिकाची आहे. ‘जेएस ३३५’ या जातीला शंभराच्या आसपास दिवस लागतात, ‘जेएस ९५-६०’ त्याआधीच निघते. ज्याला लसूण किंवा बटाटा लावायचा असतो, त्याला तेवढे दिवसही पुरतात.