मृत्युपत्र

आपल्या पश्चात आपली मालमत्ता कोणाला जावी हे हयातीत लिहून ठेवलेला, पण मृत्यूनंतरच अंमलात येणारा दस्त. बोलताना ‘विल’ हाच शब्द रूढ आहे. बक्षीसपत्राने मालकी तिथल्या तिथे दुसऱ्याकडे जाते. मृत्युपत्र करणारा मात्र अखेरपर्यंत मालकच राहतो. तो ते कितीही वेळा बदलू शकतो आणि शेवटचे तेवढे ग्राह्य धरतात.

हिंदू धर्मशास्त्रात दान होते, वाटणी होती, पण मृत्युपत्र नव्हते. ते इंग्रजी अमलात रुजले. सध्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू आहे. मृत्युपत्र नसले की वाटणी कायदा करतो आणि त्याला घरातल्या गोष्टी ठाऊक नसतात. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विवाहित पुरुषामागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असतील तर चौघांना सारखा वाटा मिळतो. वडील आधी वाटा मिळणाऱ्या या पहिल्या वर्गाच्या वारसांत बसतच नाहीत. निपुत्रिक विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेले घर तिच्या आईवडिलांच्या आधी सासरच्या वारसांकडे जाते. अशा बाईने तरी मृत्युपत्र टाळू नये.

करणारी व्यक्ती सज्ञान आणि मनाने स्थिर हवी. साधा कागद चालतो, भाषा कोणतीही चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते. आपल्याकडील मसुदा बहुधा ‘मी खाली सही करणार’ इथून सुरू होतो. मग वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, ‘माझी प्रकृती ठीक असून मन स्थिर आहे’, ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ आणि यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य येते. पुढे सातबाऱ्याचा गट क्रमांक, सदनिका, बँक खाती, दागिने यांचा तपशील असतो. ‘माझे सगळे मुलांना’ एवढ्यावर भागवले की भांडणाला जागा राहते.

खरी अट 1925 च्या अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. निदान दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे, नाहीतर ‘ही सही माझीच’ असे त्याने त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्या देखत स्वतःच्या सह्या कराव्यात. आतला मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागत नाही. एवढा सोपस्कार का, तर कागद वादात सापडतो तेव्हा तो लिहिणारा जबाब द्यायला नसतो. न्यायालयात निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि वाटणीशी संबंध नसलेले घ्यावेत; वकील आणि कुटुंबाचे डॉक्टर ही चांगली जोडी. थरथरती सही, लाभ घेणाऱ्यानेच पुढाकार घेऊन केलेला मसुदा, एका वारसाला विनाकारण वगळणे अशा ‘संशयास्पद परिस्थिती’चा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये सांगितले. नोंदणी केल्यानेही हा संशय आपोआप फिटत नाही.

नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. ‘सोसायटीत नॉमिनी लावलाय, झालं’ ही समजूत घरोघरी आढळते. सोसायटीतला नॉमिनी वारस ठरेपर्यंत सांभाळणारा असतो. शेअर्सचा नॉमिनीही केवळ नामनिर्देशनामुळे मालक होत नाही, असा निकाल डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

देता येते ते आपलेच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत हिंदू व्यक्तीला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. मुस्लिम कायद्यात अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, चालते. त्याहून अधिकाला वारसांची संमती लागते. गोव्यात पोर्तुगीज काळातला राखीव वाट्याचा नियम अजून जिवंत आहे. तिथे मुलाबाळांचा अर्धा वाटा राखीव असतो, तो मृत्युपत्राने हिरावता येत नाही.

मुंबई शहरात केलेल्या हिंदू मृत्युपत्रांना उच्च न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला, दीर्घकाळ सक्तीचे होते. ती सक्ती करणारे 1925 च्या अधिनियमातले कलम 213 संसदेने 2025 च्या अखेरीस वगळले. गावाकडे मृत्युपत्र तलाठ्यापुढे जाते आणि फेरफार नोंदीला हरकत आली की प्रकरण तिथून वर सरकते.

कागद घरच्या कपाटात नको असेल तर लाखबंद पाकिटात घालून जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवता येतो. हयातीत तो करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच परत मिळतो. मृत्यूनंतर अर्ज आला आणि निबंधकाची खात्री पटली की अर्जदारासमोर पाकीट फोडतात आणि त्याच्या खर्चाने मजकूर निबंधकाच्या मृत्युपत्रांच्या नोंदवहीत, म्हणजे पुस्तक क्रमांक 3 मध्ये, उतरवून घेतात.