‘ताकदीची गोळी’ आणि दीर्घकालीन आजार : पोषकद्रव्यांवरील संशोधनाची पार्श्वभूमी

खानदेशात ‘ताकदीची गोळी’ हे शब्द फार सहज वापरले जातात आणि त्यांत नेमके काय येते हे सहसा कोणी विचारत नाही. गरोदर बाईला आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी, पायांना मुंग्या येतात म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने घेतलेले बी-१२, गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून एकदा दुधात घेतलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने वडिलांच्या हृदयासाठी आणून दिलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, या सगळ्यांना मेडिकलच्या काउंटरवर एकच नाव आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र येथे दोन अगदी वेगळे दावे एकत्र आलेले आहेत. शरीरात जे कमी पडले आहे ते भरून काढले की त्या उणिवेचा आजार बरा होतो, हा पहिला दावा होय. आणि कमी नसतानाही तेच द्रव्य जास्त दिले तर कर्करोग, हृदयविकार किंवा मधुमेह टळतो, हा दुसरा. पहिला दावा पुराव्याने सिद्ध झालेला आहे, तर दुसऱ्याच्या वाट्याला बव्हंशी अपेक्षाभंग आला आहे. दुसरा दावा पहिल्याच्या पुण्याईवर कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने १७४७ मध्ये स्कर्व्ही (हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री व लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. पुढे दीडशे वर्षांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमन यांना असे आढळले की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, हातपाय लुळे पाडणारा आजार होतो आणि कोंडा दिला की तो जातो. कॅसिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये अशा अज्ञात द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिले. भारतात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये दक्षिणेतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या शोधासाठी काम सुरू केले. तीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

या हैदराबादच्या कामातील एक प्रकरण ज्वारी खाणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने लक्षात ठेवावे असे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा या आजाराने धुमाकूळ घातला होता. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रम अशी त्याची लक्षणे असत. हा संसर्ग नसून जवळजवळ केवळ मक्यावर जगण्याचा परिणाम आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयेम यांनी नायसिन हे त्यातील उणे द्रव्य असल्याचे ओळखले. मक्यातील नायसिन शरीराला सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे मक्यापुरता हा उलगडा पुरेसा होता. पण पेलाग्रा दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतही दिसत होता आणि ज्वारीला तोच न्याय सरळ लागू पडत नव्हता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीरात नायसिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. तरी तिने एक मोठी गोष्ट पुढे आणली : एखादे द्रव्य अन्नात किती आहे यापेक्षा त्याच्या सोबतीला काय आहे हे कधीकधी अधिक महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडच्या कळण्याच्या भाकरीचा विचार येथे मनात येणे स्वाभाविक आहे. ज्वारी-बाजरीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेले हे पीठ कोण्या शास्त्रज्ञाने सुचवलेले नाही. पण कडधान्याच्या प्रथिनांमुळे एकट्या ज्वारीचे उणेपण बऱ्याच अंशी भरून निघते, हे पोषणशास्त्राच्या साध्या नियमांत बसते. याचा अर्थ आजीबाईंना ट्रिप्टोफॅन माहीत होते असा काढण्याची हल्ली जी हौस दिसते, ती मला मान्य नाही. चव, परवड आणि शेतात पिकणारे धान्य यांतून हा बेत घडला असावा, आणि तो उपयोगी ठरला, एवढे म्हणणे पुरे.

पहिल्या दाव्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मुंबईत घडले. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये गरोदरपणातील गंभीर रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली आणि गिरणी कामगार स्त्रियांचे आहार, रक्त व राहणीमान तपासू लागली. या रक्तक्षयात रक्तपेशी आकाराने मोठ्या होत. मार्माइट या यीस्टपासून केलेल्या स्वस्त पदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र त्यातील गुणकारी द्रव्य कोणते हे माहीत नसल्याने त्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४५ च्या सुमारास ते कृत्रिमरीत्या बनवता आले. पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला : मज्जारज्जूच्या जन्मजात दोषाचे मूल आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतले, तर पुढच्या बाळात तो दोष होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. गिरणगावातल्या रक्तक्षयापासून निघालेला धागा साठ वर्षांनी जन्मदोषाच्या प्रतिबंधापर्यंत पोहोचला.

इतक्या यशानंतर हाच तर्क कर्करोगाला आणि हृदयविकाराला लावण्याचा मोह होणे अटळ होते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या माणसाचा शब्द पुराव्यापेक्षा लांब गेला, एवढेच त्याविषयी सांगता येईल. अधिक गंभीर विचार १९८१ मध्ये रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्या आणि रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असणाऱ्या लोकांत कर्करोग कमी दिसतो, तर बीटा-कॅरोटिनमुळेच तो टळत असेल का, असा प्रश्न त्यांनी विचारला. गाजराला आणि शहादा-तळोद्याकडच्या पपईला केशरी छटा देणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातलेच हे द्रव्य. लेखकांनी प्रश्नचिन्ह काळजीपूर्वक ठेवले होते, पण बाजाराने ते फारसे मनावर घेतले नाही.

या प्रश्नाचे उत्तर फिनलंड देशातून आले. तेथे १९८५ पासून ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत विभागून बीटा-कॅरोटिन, ‘ई’ जीवनसत्त्व, दोन्ही किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी पाच ते आठ वर्षे देण्यात आली. बीटा-कॅरोटिनची मात्रा रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या जेवणातून मिळते त्याच्या कितीतरी पट होती. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. योगायोग असेल असे प्रथम अनेकांना वाटले; पण अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि अस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ लोकांवर चाललेली, बीटा-कॅरोटिनसोबत ‘अ’ जीवनसत्त्व देणारी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण तेथे ही वाढ २८ टक्के होती आणि एकूण मृत्यूही १७ टक्क्यांनी वाढले होते. त्याच वेळी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या चाचणीत बीटा-कॅरोटिनचा ना फायदा दिसला ना तोटा.

या निकालांइतकाच महत्त्वाचा, पण कमी सांगितला जाणारा निकाल चीनच्या हनान प्रांतातील लिन्श्यान येथून १९९३ मध्ये आला होता. तेथील ग्रामीण जनतेचा आहार अनेक सूक्ष्मपोषकांत उणा होता आणि अन्ननलिका व जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. सुमारे तीस हजार लोकांवर पाच वर्षे चाललेल्या या चाचणीत बीटा-कॅरोटिन, ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचे मिश्रण दैनंदिन गरजेच्या एक-दोन पट इतक्याच मात्रेत दिले गेले; त्या गटात एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. दोन्हीकडे बीटा-कॅरोटिनच होते. फरक मात्रेचा होता, सिगारेटचा होता, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक हा होता की एकीकडचे लोक त्या द्रव्याला मुकलेले होते व दुसरीकडचे नव्हते. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले नाहीत, तर ‘जीवनसत्त्वे घातक’ आणि ‘जीवनसत्त्वे तारक’ अशा दोन टोकांच्या आरोळ्या उरतात.

पुढच्या चाचण्यांनी चित्र फारसे बदलले नाही. ‘ई’ जीवनसत्त्वाने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळेल या आशेने ३५,५३३ पुरुषांवर सुरू झालेली चाचणी २००८ मध्ये थांबली, आणि २०११ च्या अहवालात तो कर्करोग उलट १७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. होमोसिस्टिन हे द्रव्य रक्तात वाढले की हृदयविकार वाढतो असे आढळले होते. बी-जीवनसत्त्वांनी होमोसिस्टिन उतरले, पण २००६ मध्ये आलेल्या निकालांत हृदयविकाराचे झटके कमी झालेले नव्हते. ‘ड’ जीवनसत्त्वाचेही असेच झाले. २५,८७१ अमेरिकी स्त्री-पुरुषांना सरासरी पाच वर्षे रोज २,००० युनिट देऊनही कर्करोग किंवा हृदयविकाराच्या नव्या घटनांत लक्षणीय घट झाली नाही, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट दिले तरी मधुमेह निःसंशयपणे टळला असे २०१९ मध्ये म्हणता आले नाही. या चाचण्यांत भाग घेणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात ‘ड’ मुळातच पुरेसे होते, ही पुरवणी येथेही जोडावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या भुसावळात ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसे पडते, असे लोक विचारतात. डोक्याला उपरणे आणि तोंडाला रुमाल बांधून जो तो सावली गाठतो, हे त्याचे निम्मे उत्तर आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर सर्वांत विचार करायला लावणारे काम पुण्याचे आहे. गर्भातील कुपोषण आणि उतारवयातील हृदयविकार व मधुमेह यांचा संबंध डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमध्ये दाखवल्यानंतर, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांना आढळलेली बाळे वजनाने हलकी होती, तरी त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते, फोलेटची, म्हणजे फॉलिक आम्लाच्या नैसर्गिक रूपाची, कमतरता मात्र जवळपास नव्हती. आणि ज्या मातांत बी-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, सर्वाधिक होता. हे निरीक्षण आहे, चाचणी नव्हे, त्यामुळे यावरून फॉलिक आम्लाची गोळी बंद करण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. परंतु बी-१२ प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि आपल्याकडच्या माळकरी घरांत, शिवाय दूध डेअरीला घालून चहापुरतेच ठेवणाऱ्या घरांत, ते कमी पडण्याची शक्यता उघड आहे. एकच द्रव्य देऊन दुसरे विसरले तर काय होते, हा प्रश्न त्या अभ्यासाने कायमचा उभा केला.

खानदेशात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो तो सिकलसेलमुळे. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आनुवंशिक आजार आढळतो. देशात रक्तक्षयाविरुद्ध लोह व फॉलिक आम्ल देण्याचा कार्यक्रम १९७० पासून आहे, आणि आश्रमशाळांतील मुला-मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ही त्याचीच पुढची पायरी होय. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर फुटतात. नव्या पेशींसाठी फॉलिक आम्लाची गरज वाढते, पण फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते, आणि वारंवार रक्त भरावे लागले तर ते साठतही जाते. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन फिकट मुलींपैकी एकीला लोह हवे असते आणि दुसरीला ते तपासणीशिवाय देणे योग्य नसते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून अशा तपासण्यांना वेग आला आहे.

रेशनवरील पोषणयुक्त, म्हणजे लोह व जीवनसत्त्वे मिसळलेल्या, तांदळाच्या वादाची मुळेही येथेच आहेत. या तांदळाची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. सिकलसेल व थॅलेसेमिया (रक्ताचा आणखी एक आनुवंशिक आजार) यांच्या रुग्णांसाठी लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर इशारा छापण्याचा नियम होता. तांदळाबाबत तो इशारा २०२४ मध्ये, तज्ज्ञांच्या अभ्यासानंतर, वगळण्यात आला. हा तांदूळ बनवताना तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकाराचे कण काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे असा एक दाणा घालतात. मुंबईच्या गिरणगावात जे सापडले आणि पुण्याच्या सहा गावांत जे कमी आढळले, ते दोन्ही त्या एका दाण्यात आहे. तो दाणा बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा दिसतो आणि पाण्यात कधीकधी तरंगतो, म्हणून अनेक घरांत त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात, आणि बाया सुपात तांदूळ निवडताना तोच नेमका वेचून बाहेर टाकतात.